तिसऱ्यांदा फाटलेला बूट: लो केलेल्या गाडीच्या डाव्या एक्सलचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक. आडवं बसवलेलं पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स डावीकडे, वय आठ वर्षं, धाव साधारण ९२ हजार किमी. मालकाने हौसेने उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) बसवून घेतले आणि गाडी पुढून ५७ मिमी खाली आणली, म्हणजे ‘लो’ केली. गाडी दिसायला देखणी झाली होती, हे आधीच कबूल करतो. मॉडेल आणि मालकाची ओळख गाळली आहे. मापं मात्र वहीत टिपली तशीच दिली आहेत.

लो करण्याआधी एक्सलची, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणाऱ्या शाफ्टची, काहीच तक्रार नव्हती. त्याच्या दोन्ही टोकांना वाकणारा जॉइंट असतो आणि त्यावर बूट, म्हणजे घड्यांचं रबरी आवरण. दोन्ही बाजूंचे बूट कारखान्यातलेच होते. त्यानंतरच्या बारा महिन्यांत असं घडलं:

चौथ्या महिन्यात डावा आतला बूट फाटला. सबफ्रेमवर (इंजिनखालच्या चौकटीवर) आणि गिअरबॉक्सच्या पोटाखाली काळं ग्रीस उडालेलं. फक्त बूट बदलला.

सातव्या महिन्यात तोच बूट पुन्हा गेला. यावेळी ६० ते ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की स्टीअरिंगमधून थरथर यायची आणि पाय काढला की थांबायची. आतला जॉइंट खराब झाल्याचं हे ओळखीचं लक्षण. मालकाने अख्खा एक्सल बदलून पर्यायी बनावटीचा टाकून घेतला. जुना एक्सल बदल्यात देऊन टाकला.

बाराव्या महिन्यात नव्या एक्सलचा बाहेरचा बूट घड्यांच्या खोबणीत तडकला, आणि आतल्या बुटाच्या बारीक तोंडाकडून ग्रीस झिरपायला लागलं. तेव्हा गाडी आमच्याकडे आली.

उजवी बाजू या सगळ्या काळात ठणठणीत होती. तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, तीच उंची. प्रकरणाची किल्ली इथेच होती, पण ती आमच्याही लगेच हाती लागली नाही.

अडचण नेमकी कशात

थोडं यंत्राबद्दल. चाकाकडच्या जॉइंटमध्ये पिंजऱ्यात बसवलेले सहा गोळे असतात आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर तो ४५ अंशांच्या आसपास वाकू शकतो. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात. ते लांब खाचांमध्ये आत-बाहेर सरकतात, कारण चाक वर-खाली होताना शाफ्टची लागणारी लांबी बदलत असते. या जॉइंटला फार वाकणं मानवत नाही. वाकलेल्या अवस्थेत जोर आला की तीन रोलर प्रत्येक फेऱ्यात तीन धक्के देतात. थरथर येते ती तिथून.

रबरी बुटाचं काम दोन शब्दांचं: ग्रीस आत, माती बाहेर. पण कष्ट विचारू नका. अशा गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण ५४० फेरे घेतं. शाफ्ट वाकलेला असेल तर बुटाची प्रत्येक घडी प्रत्येक फेऱ्यात एकदा दबते आणि एकदा ताणली जाते. दहा हजार किलोमीटर म्हणजे ५४ लाख वेळा. शाफ्ट जवळपास सरळ असेल तर ही हालचाल नगण्य असते. कोन वाढला की घड्या एकमेकींवर घासायला लागतात. बूट एकदा फाटला की ग्रीस फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं, आणि उरलेल्यात माती मिसळली की ते वंगण राहत नाही, घासायची पेस्ट होते.

म्हणून लो केलेल्या गाडीचा बूट फाटला की सगळे एकच निदान करतात: ‘कोन वाढला.’ मालकालाही तेच सांगितलं गेलं होतं. शौक आहे, तर किंमत मोजा. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याने दोन एक्सल खाल्ले.

पहिला दिवस, आणि आमची चूक

गाडी लिफ्टवर घेतली. बाहेरचा बूट तडकलेला स्पष्ट दिसत होता. आतल्या बुटाच्या बारीक तोंडाचा क्लॅम्प सैल. शाफ्टच्या खालून स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी सळई) जातो, तो कुठे लागतोय का पाहिलं. मध्ये सहज बोट जात होतं. ‘इथे काही नाही,’ असं म्हणून मीच पुढे सरकलो. दोन बूट, चांगल्या प्रतीचे क्लॅम्प आणि योग्य ग्रीस, असा कामाचा अंदाज मालकाला कळवायचा ठरला.

तेवढ्यात हाताखालचा पोरगा शाफ्ट फडक्याने पुसत होता. फडकं एका जागी अडकलं. त्याने नख फिरवलं आणि म्हणाला, “इथे खाच आहे, दादा.” आतल्या बुटाच्या तोंडापासून नखभर अंतरावर, शाफ्टच्या पूर्ण परिघाला एक उथळ, चकचकीत वळ होता. धातू धातूवर घासला तरच अशी चमक येते.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. बूट बदलून गाडी त्याच दिवशी देता आली असती, मालकाला तेच हवं होतं. आम्ही गाडी ठेवून घेतली. दुसरं कारण सुरक्षिततेचं होतं. शाफ्ट पिळाचा भार सोसतो, आणि त्यावरचा आडवा वळ म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा. हा शाफ्ट नुसता बूट बदलून पुन्हा रस्त्यावर सोडायच्या लायकीचा नव्हता.

मग घासतंय काय? बोटभर जागा तर मी स्वतः पाहिली होती. पण ती पाहिली लिफ्टवर, आणि लिफ्टवर चाकं लोंबकळत असतात. गाडी तशी कधीच चालत नाही. आमच्या आधी दोन ठिकाणी ही गाडी तपासली गेली होती. दोन्हीकडे ती लिफ्टवरच पाहिली, आणि दोन्हीकडे शेरा एकच: जागा आहे.

फाटलेला बूट वाचणं

बूट शाफ्टबरोबर फिरतो, बार जागच्या जागी असतो. म्हणून ओरखडा बुटाच्या पूर्ण परिघाला असेल तर एखादी स्थिर वस्तू फिरत्या बुटाला लागते आहे. ओरखडा एकाच ठिकाणी असेल तर बूट थांबलेला असताना इजा झाली: बसवताना पाना निसटला असेल, नाहीतर खडा लागला असेल. बुटाला कुठेही जखम नाही आणि तरी कडेने ग्रीस येतंय, तर दोष क्लॅम्पचा.

आतल्या बुटाच्या बारीक गळ्यावर पूर्ण परिघाला घासल्याची रेघ होती. क्लॅम्पचा वर आलेला कान एका बाजूने चेपलेला होता. स्टॅबिलायझर बारच्या कडेवर बारीक टोचे दिसले, सगळे एकाच रेषेत. फिरता कान बारच्या कडेला टकटक लागत होता आणि हळूहळू क्लॅम्प सैल करत होता. बार आडवा कसा सरकला, तर त्याची सबफ्रेमवरची रबरी बुशं जीर्ण झाली होती. हाताने ढकलल्यावर बार ३-४ मिमी इकडेतिकडे जायचा.

बाहेरच्या बुटाची गोष्ट वेगळी. त्याचे तडे खोबणीत, गोलाकार, अनेक ठिकाणी. शिवाय दोन घड्या आत ओढल्या गेलेल्या. मूळ बुटाला सात घड्या होत्या, या पर्यायी एक्सलच्या बुटाला पाच, आणि रबर दाबून पाहिलं तर निबर. आत ओढलेल्या घड्या पाहता क्लॅम्प आवळताना आतली हवा सारखी केली नसावी, असा आमचा अंदाज. थोडक्यात, दोन बुटांचे दोन आजार. ‘कोन वाढला’ या एका वाक्यात दोन्ही गुंडाळले गेले होते.

मोजमाप

गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर. खालून आरसा आणि फीलर (फट मोजायची पट्टी) घालून शाफ्ट आणि बार यांमधलं अंतर मोजलं. डावीकडे जेमतेम २ मिमी. उजवीकडे १३.

लिफ्टवर बोटभर, जमिनीवर २ मिमी.

मग याच मॉडेलची, लो न केलेली गाडी मिळवली आणि तिच्यावर तीच मापं घेतली. हे काम कंटाळवाणं असतं, पण यानेच कोडं सुटलं. तिच्यात डावीकडे १४ मिमी आणि उजवीकडे ९ मिमी. म्हणजे कारखान्यातून येताना उजवी बाजू जास्त अडचणीची. लो केल्यावर उजवीकडची जागा वाढली आणि डावीकडची संपली. बार तोच, बारचं टोक चाकाकडे जोडणारी छोटी दांडी म्हणजे लिंक तीच, आणि परिणाम उलटे. असं कसं?

गिअरबॉक्स डावीकडे असल्यामुळे डावा शाफ्ट आखूड असतो. दोन जॉइंटच्या मध्यापर्यंत मोजलं तर डावा ३९० मिमी, उजवा ६५० मिमी. बार दोन्हीकडे चाकाच्या जॉइंटपासून साधारण २५० मिमीवर शाफ्टच्या खालून जातो. म्हणजे डावीकडे हे ठिकाण आतल्या जॉइंटपासून फक्त १४० मिमीवर येतं. चाक १० मिमी वर गेलं की तिथला शाफ्ट जेमतेम साडेतीन मिमी उचलला जातो. उजवीकडे तेच ठिकाण आतल्या जॉइंटपासून ४०० मिमीवर, म्हणून तिथे शाफ्ट सहा मिमी वर जातो. या गाडीत लिंक खालच्या आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या हातावर) उभी आहे आणि बारचं टोक तिच्या माथ्याला. त्यामुळे चाकाच्या १० मिमीला बार त्या जागी पाचेक मिमी उचलला जातो. डावीकडे बार शाफ्टला गाठतो, उजवीकडे शाफ्ट बारपासून पळतो. पहिल्यांदा कागदावर हे मांडलं तेव्हा मलाही दोनदा तपासावं लागलं.

डावीकडच्या १४ मिमीचा हिशेब मग लागला. ५७ मिमी उतरवण्याने साडेआठ मिमी खाल्ले. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर फाटून ती बाजू ३ मिमी बसली होती, त्यात शाफ्टही खाली आला आणि आणखी दोन मिमी गेले. आणि पर्यायी एक्सलचा शाफ्ट २७ मिमी जाडीचा निघाला, मूळचा साडेचोवीस. सव्वा मिमी तिथे. कोणीही ‘जाडी किती’ विचारलं नव्हतं. उलट जाड म्हणजे मजबूत, असाच सगळ्यांचा समज होता.

कोनही मोजला. उभ्या गाडीत डावा शाफ्ट चाकाकडे चढता, सुमारे ६ अंश. उजवा पावणेचार. लो न केलेल्या गाडीत डावा अडीच अंशांच्या आसपास, पण चाकाकडे उतरता. सहा अंश हे चांगलं नाही, पण एवढ्यावर निरोगी जॉइंट वर्षभरात मरत नाही. खड्ड्यात चाक वर गेल्यावर मात्र तो चौदाच्या पुढे जात होता, कारण चाकाला वर थांबवणारं बंप रबर लो करताना कापून अर्धं केलं होतं. ‘शॉकअपला हालायला जागा मिळावी’ म्हणून. मिळाली. कापलेल्या रबरामुळे चाक उभ्या स्थितीपासून ६४ मिमी वर जाऊ शकत होतं.

एवढं वर ते खरोखर जातं का? शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय आवळून खाली सरकवला, बारवर मळलेल्या मातीचा गोळा ठेवला, आणि नेहमीच्या रस्त्याने संथ १५ किमी फिरवली. केबल टाय ४८ मिमीवर जाऊन थांबला होता. मातीचा गोळा शाफ्टने तारेने साबण कापावा तसा मधोमध कापला होता. मालक शेजारी उभा होता. म्हणाला, “गतिरोधकावर घर्र आवाज यायचा, मला वाटायचं स्प्रिंग कडक आहेत म्हणून.”

एक संशय मात्र खोटा ठरला. शाफ्ट आतल्या जॉइंटमध्ये तळाला ठोकतोय, असं मला वाटत होतं. दोन्हीकडचे स्प्रिंग काढून नुसते शॉकअप बसवले आणि आर्मखाली जॅक लावून चाकं दहा-दहा मिमी वर नेत गेलो. दोन्ही बाजू एकदमच उचलाव्या लागतात, नाहीतर बार पिळला जातो आणि जॅक गाडीच उचलायला लागतो. डावा आतला बूट काढलेलाच होता, त्यामुळे रोलर किती सरकतात ते डोळ्यांनी दिसत होतं. पूर्ण प्रवासात दोन-तीन मिमी, आणि आत अजून ९ मिमी शिल्लक. खालचा आर्म आणि डावा शाफ्ट जवळपास सारख्याच कंसात फिरतात, म्हणून लांबी फारशी बदलत नाही. म्हणजे आखूड एक्सल मागवण्याचा जो विचार चालला होता, तो वायाच गेला असता.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा: मूळ उंची परत. त्याने बहुतेक प्रश्न संपला असता, आणि मालकाला आम्ही तो आधी सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. गाडी त्याची.

दुसरा होता बार काढूनच टाकण्याचा. मालकाला हा सल्ला एका ओळखीच्याने दिला होता, आणि घासणं थांबलं असतं हे खरंच. पण वळणावर गाडी जास्त कलली असती, पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बदलला असता, आणि अचानक स्टीअरिंग फिरवावं लागलं तर गाडी कशी वागेल याची खात्री कोण देणार? हा पर्याय चर्चेतच निकाली काढला.

काही लो गाड्यांमध्ये शाफ्ट वरच्या चासीच्या नळीला लागतो आणि लोक तिथे खाच पाडून घेतात. आमच्या मापात शाफ्ट त्या नळीच्या जवळही जात नव्हता. गरज नसताना भार वाहणारा पत्रा कापायचा प्रश्नच नव्हता.

जास्त ताकदीचा एक्सल मालकाला मोहवत होता. पण इथे एक्सल ताकदीअभावी गेलाच नव्हता. जाड शाफ्टने उलट जागा खाल्ली असती.

उरला तो मिश्र मार्ग: बार खाली आणायला आखूड लिंक, पूर्ण लांबीचं बंप रबर, माउंटिंग आणि बारची बुशं नवी, मूळ जाडीचा एक्सल, आणि उंची थोडी वाढवायची. या शेवटच्या मुद्द्यावर खरी घासाघीस झाली. मी २५ मिमी मागत होतो, मालक १० वर अडून होता. शेवटी १५ ठरले, कारण पूर्ण लांबीचं बंप रबर घातल्यावर त्यापेक्षा खाली ठेवली असती तर चाक सारखं रबरावरच बसलं असतं. हे त्याला समोर जॅकवर दाखवलं, तेव्हा तो मानला. आकडे सांगून मानला नव्हता.

केलेली कामं

सुरुवात माउंटिंगपासून, कारण ते बसल्याशिवाय पुढची सगळी मापं खोटी ठरतात. मग बारची बुशं. मग दोन्हीकडे १८ मिमीने आखूड लिंक. लिंक नेहमी जोडीने बदलायची. एकच आखूड केली तर बार उभ्या गाडीतही पिळलेला राहतो. या गाडीत लिंक आर्मवर उभी आहे म्हणून आखूड लिंकने बार खाली येतो. जिथे लिंक शॉकअपवरून खाली लोंबते आणि बारचं टोक तिच्या तळाला असतं, तिथे आखूड लिंक बारला वर खेचेल. तिथे हाच उपाय उलटा पडेल. डोळे मिटून याची नक्कल करू नका.

एक्सल मूळ जाडीचा, पूर्ण घड्यांच्या बुटाचा. तो आणल्यावर बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून लांबी, जाडी, स्प्लाइन (टोकाचे दाते) आणि एबीएसची रिंग तपासली. सबफ्रेम आणि शाफ्ट यांच्या मध्ये हात जेमतेम जातो, तिथे बसवल्यावर चूक कळणं फार महागात पडतं. क्लॅम्प सपाट पट्टीचे घेतले, कान नसलेले. आता जागा भरपूर होती, तरी घेतले.

बुटांचे बारीक क्लॅम्प शेवटी, शाफ्ट सरळ ठेवून आणि बोथट सळई तोंडाखाली सरकवून हवा सारखी केल्यावर आवळले. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस वेगवेगळं असतं. सोबत आलेलं, मोजून दिलेलं ग्रीसच वापरलं. जास्त भरलं म्हणजे बरं, हा समज चुकीचा आहे. बूट फुगतो आणि क्लॅम्पवर ताण येतो.

हबचा नट नवा, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला, आणि गाडीचा भार चाकावर यायच्या आधी. खालच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट मात्र उलट: गाडी नव्या उंचीवर चाकांवर उभी असताना. आर्म लोंबकळत असताना ते आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. लो करताना हे केलेलं दिसलं नाही, बुशांवर पीळ स्पष्ट होता. अजून फाटली नव्हती, म्हणून बोल्ट सैल करून, गाडी हलवून, पुन्हा आवळले.

उंची १५ मिमी वाढवल्यावर चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बदलतोच. अलाइनमेंट केली.

पहिल्या फेरीनंतर स्टीअरिंग पूर्ण वळवून उतारावरून उतरताना टक्क आवाज आला. चाक लोंबकळतं आणि वळलेलं असताना नव्या लिंकचा लॉकनट आर्मला लागत होता. आम्ही सगळा प्रवास तपासला होता, पण चाकं सरळ ठेवून. लिंकचं टोक पाव फेरा फिरवल्यावर थांबलं. चूक आमची.

परिणाम

जमिनीवर उभ्या गाडीत डावीकडचं अंतर आता २२ मिमी. बंप रबर पूर्ण दबल्यावर १५. डाव्या शाफ्टचा कोन सहावरून साडेतीन अंशांवर आला. बारवर शाफ्टखालच्या जागी पांढरा रंग लावून ठेवला होता, घासलं तर कळावं म्हणून.

अकरा महिने आणि सुमारे १६ हजार किमीनंतर रंग अखंड आहे, चारही बूट कोरडे आहेत, थरथर नाही, वळताना कटकट नाही. गतिरोधकावरची घर्रही गेली.

सगळंच गोड झालं असं नाही. डावा एक्सल वारंवार काढल्या-घातल्याने गिअरबॉक्सचं ऑइल सील दुखावलं होतं. तिसऱ्या महिन्यात तिथून तेल पाझरायला लागलं आणि सील बदलावं लागलं. एक्सल बाहेर होता तेव्हाच ते बदललं असतं, तर हे काम दोनदा करावं लागलं नसतं. शिवाय चार माणसं आणि सामान असलं की गाडी बंप रबरावर लवकर टेकते आणि चाल कडक वाटते. मालकाची ही तक्रार खरी आहे, आणि या उंचीवर तिला उपाय नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सातव्या महिन्यात दिलेला तो जुना एक्सल हवा होता. त्याच्यावर वळ होता की नव्हता, यावरून पाच महिने आधी उत्तर मिळालं असतं. मोडलेला भाग बदल्यात द्यायचा असला तरी आधी पुसून, नख फिरवून, फोटो काढून मग द्यावा.

लो करायच्या आधी दहा मिनिटं काढून, गाडी चाकांवर उभी असताना शाफ्टभोवतीची चारी बाजूंची अंतरं टिपायला हवी होती. आम्हाला दुसरी गाडी मिळाली म्हणून तुलना जमली. ती मिळाली नसती तर उजवीकडची जागा वाढली, ही गोष्ट कधीच कळली नसती, आणि ‘डावीकडेच का’ हा प्रश्न तसाच राहिला असता.

आमच्या कामावरही एक आक्षेप घेता येईल. आम्ही सहा गोष्टी एकदम बदलल्या. कशाने किती फरक पडला, हे हिशेबाने सांगता येतं, प्रयोगाने नाही. माझ्या हिशेबात लिंकने सर्वांत जास्त दिलं, सुमारे १५ मिमी. उंचीने फक्त दोनेक मिमी. म्हणजे घासण्यापुरता विचार केला तर मालकाचा १० मिमीचा हट्ट चुकीचा नव्हता. उंची वाढवण्याचा खरा फायदा कोनाला आणि बंप रबराला झाला. त्यावेळी मी दोन्ही कारणं एकत्र करून वाद घातला, तो वेगळे करून घालायला हवा होता.

मालक गेल्या महिन्यात आला होता. गाडी आणखी १० मिमी खाली घेता येईल का, विचारत होता. बारपाशी त्याने दीड मिमी जाईल, ते चालेल. बंप रबराचं चालणार नाही असं मला वाटतं. पण वाटतं म्हणून नाही म्हटलं नाही. दोन्ही शॉकअपच्या दांड्यांवर केबल टाय लावून दिले आहेत, आठवडाभर भरल्या गाडीने फिरून आकडा घेऊन ये म्हटलंय.